स्टुडिओच्या कपाटातली जुनी लेन्स आजच्या मिररलेस कॅमेऱ्यावर

मामांचा तालुक्याच्या गावात फोटो स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप, पासपोर्ट. रोल धुणं बंद पडलं तसा स्टुडिओही मागे पडला आणि सामान एका लाकडी कपाटात गेलं. दिवाळीत ते कपाट उघडलं तेव्हा आत पेंटॅक्स के १००० होता, त्याच्यावर ५० मिमी एफ २ लेन्स, शिवाय एक २८ मिमी, आणि लोकरीच्या मोज्यात गुंडाळून ठेवलेली १३५ मिमी. मामा अहिराणीत म्हणाले, "लई जाय भो, आठे धूयच खाई ऱ्हायनी." म्हणजे घेऊन जा, इथे नुसती धूळच खातेय.

त्या तिन्ही लेन्स आज माझ्या मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर, चालतात. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कितीतरी घरांत, बंद पडलेल्या कितीतरी स्टुडिओंत अशी कपाटं आहेत. म्हणून बाजारात जाण्याआधी काका-मामांना विचारा. कपाटात लेन्स सापडली की पुढे काय काय करायचं, ते मी केलं त्याच क्रमाने सांगतो.

हे जमतं कसं

प्रत्येक कॅमेऱ्यात लेन्स जिथे बसते ती कडी, म्हणजे माउंट, आणि मागची फिल्म किंवा सेन्सर यांच्यात एक ठरलेलं अंतर असतं. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात मधे आरसा हलायचा, त्याला जागा लागायची, म्हणून हे अंतर मोठं होतं. पेंटॅक्स के आणि एम ४२ चुडीच्या माउंटला ४५.४६ मिमी, निकॉन एफला ४६.५, मिनोल्टा एमडीला ४३.५, कॅनन एफडीला ४२. मिररलेसमध्ये आरसाच नाही. सोनी ई माउंटला हे अंतर १८ मिमी, निकॉन झेडला १६, फुजी एक्सला १७.७, कॅनन आरएफला २०. दोन आकड्यांमधला फरक भरून काढणारी धातूची पोकळ नळी म्हणजे अडॅप्टर. पेंटॅक्सची लेन्स सोनीवर लावायची तर ४५.४६ वजा १८, म्हणजे २७.४६ मिमी जाडीची नळी. आत काच नाही, सर्किट नाही. लेन्स जशी होती तशीच काम करते.

आरशाच्या डीएसएलआरवर हे इतकं सरळ नव्हतं. निकॉनच्या डीएसएलआरवर एम ४२ लेन्स नुसत्या कडीने लावली तर लांबचं काही स्पष्ट येतच नाही, कारण निकॉनचं अंतर लेन्सच्या अंतरापेक्षा जास्त आहे. मिररलेसमुळे जवळजवळ सगळ्या एसएलआर लेन्सना पुन्हा काम मिळालं.

माउंट ओळखा, मगच अडॅप्टर मागवा

लेन्सला मागे नुसती चुडी असेल, बाटलीच्या झाकणासारखी फिरवून बसत असेल आणि व्यास ४२ मिमी असेल, तर ती एम ४२. बरेचसे जुने झेनिट कॅमेरे आणि पेंटॅक्सच्या टाकुमार लेन्स यातल्याच. मागे पाकळ्यांसारखी तीन पाती असतील आणि थोडी फिरवल्यावर खट्कन बसत असेल, तर ती बायोनेट. पण बायोनेट प्रत्येक कंपनीची वेगळी: पेंटॅक्स के, निकॉन एफ, मिनोल्टा, याशिका, ऑलिंपस. कॅमेरा बॉडी सोबत असेल तर प्रश्न मिटतो, तिच्यावरचं नाव वाचायचं. बॉडी नसेल तर लेन्सच्या तोंडाभोवतीची अक्षरं वाचा आणि मागच्या बाजूचा स्वच्छ फोटो काढून जाणकाराला दाखवा. अंदाजाने अडॅप्टर मागवू नका. पेंटॅक्स के आणि याशिकाची लेन्स दिसायला सारखीच वाटते, पण एकीच्या अडॅप्टरवर दुसरी बसत नाही.

दुसरी गोष्ट, लेन्सवर ॲपर्चरची रिंग आहे ना ते बघा. ॲपर्चर म्हणजे उजेड आत सोडणारं भोक, ते आतल्या पात्यांनी लहान-मोठं होतं; एफचा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं. एफ २, २.८, ४, ५.६ असे आकडे फिरत असतील तर उत्तम. निकॉनच्या नंतरच्या 'जी' प्रकारच्या लेन्सवर ही रिंग नाही. मिनोल्टाच्या ऑटोफोकस लेन्सवरही नाही. त्यांना वेगळा अडॅप्टर लागतो, सुरुवातीला त्या वाटेला जाऊ नये.

बऱ्याच एम ४२ लेन्सच्या मागे एक बारीक पिन असते. ती दाबलेली नसेल तर रिंग कितीही फिरवा, आतली पाती उघडीच राहतात. म्हणून पिन दाबणारी आतली कड असलेला अडॅप्टर घ्या, किंवा लेन्सवर ए आणि एम असा खटका असेल तर तो एम वर ठेवा. कॅनन एफडीच्या अडॅप्टरवर स्वतःची एक फिरती कडी असते. लेन्स बसवल्यावर ती लॉकच्या बाजूला फिरवली नाही तर तिथेही ॲपर्चर बदलत नाही. लेन्स खराब आहे असं समजून परत करणारे लोक मी पाहिलेत, दोष फक्त या कडीचा होता.

अडॅप्टरवर फार खर्च करू नये, पण अगदीच स्वस्तातलाही नको. स्वस्त अडॅप्टरमध्ये लेन्स हलते आणि आतला काळा रंग चकाकतो. तसं झालं तर उन्हात फोटोच्या मधोमध एक पांढुरका डाग येतो. नळीच्या आत काळा मखमली कागद चिकटवला की तो डाग बराच कमी होतो. नव्या अडॅप्टरची चुडी आधी ब्रशने झटकून घ्या. धातूचा कीस सेन्सरवर गेला तर निस्तरायला अवघड.

लेन्स तपासणं

यात घाई केली की पश्चात्ताप होतो. मी घरच्या तीन लेन्सनंतर एक ५८ मिमी ऑनलाइन घेतली. विक्रेत्याने काच स्वच्छ असल्याचं लिहिलं होतं. घरी टॉर्च लावला तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून मी विक्रेत्याकडून टॉर्चच्या उजेडातला व्हिडिओ मागवल्याशिवाय लेन्स घेत नाही.

तपासायची रीत अशी. खोलीत अंधार करा. ॲपर्चर पूर्ण उघडा. मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून, थोडा तिरका धरा आणि पुढून आत बघा. मग उलटं करा, पुढून उजेड आणि मागून नजर. टॉर्च सरळ धरला तर कोणतीही लेन्स घाणेरडी दिसते आणि उजेडाशिवाय कोणतीही स्वच्छ दिसते, म्हणून तिरका उजेड महत्त्वाचा.

धुळीचे चार कण दिसले तर सोडून द्या, फोटोत ते दिसत नाहीत. बारीक फांद्यांसारख्या किंवा जाळ्यासारख्या रेषा म्हणजे बुरशी. ती कडेला थोडीशी असेल आणि लेन्स घरचीच असेल तर कारागिराकडून साफ करून घ्या. पण बुरशी काचेवरचं कोटिंग खाते. साफ केल्यावरही तिचा व्रण राहू शकतो. विकत घेताना बुरशी दिसली की लेन्स तशीच ठेवून यावी, भाव कितीही कमी असो. सगळ्या काचेवर धुकं पसरल्यासारखा थर दिसला तर त्याला हेझ म्हणतात. उन्हात अशा लेन्सचा फोटो दुधाळ येतो. पुढच्या काचेवर एखादा ओरखडा असेल तर फारसं बिघडत नाही. मागच्या काचेवरचा ओरखडा मात्र फोटोत लवकर जाणवतो, म्हणून मागची बाजू जास्त बारकाईने बघा.

मग ॲपर्चरची पाती. रिंग फिरवत आत बघा. पाती कोरडी, काळी, सारखी हलली पाहिजेत. पात्यांवर तेलाची चमक असेल तर समजा की ग्रीस पातळ होऊन आत उतरलंय. आपल्याकडे हे जास्त होतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो आणि पत्र्याखालच्या कपाटात त्याहून वर. प्रीसेट लेन्समध्ये, म्हणजे हेलिओस ४४-२ सारख्या हाताने उघडझाप करायच्या लेन्समध्ये, थोडं तेल चालून जातं, कारण पाती हातानेच हलतात.

शेवटी फोकसची रिंग. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लोण्यासारखी फिरली पाहिजे. मधेच अडकत असेल तर लेन्स कधीतरी पडलीय. जड फिरत असेल तर ग्रीस वाळलंय. हे दुरुस्त होतं, पण खोलायचं काम स्वतः घरी करू नका. मामांची १३५ मिमी इतकी जड झाली होती की दोन्ही हात लागायचे. घड्याळ आणि कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांनी जुनं ग्रीस काढून नवं भरलं, तेव्हापासून ती एका बोटाने फिरते.

टाकुमारची ५० मिमी एफ १.४ सापडली आणि काच चहासारखी पिवळी दिसली तर घाबरू नका. त्या काळी काही लेन्सच्या काचेत थोरियम मिसळायचे, वर्षं गेली की ती पिवळी पडते. अतिनील प्रकाशाने पिवळेपणा उतरतो. बरेच जण लेन्स खिडकीत उन्हात ठेवतात. मी आपल्याकडे ते सुचवणार नाही. एप्रिल-मेच्या उन्हात ग्रीस वितळेल, आणि भिंगातून एकवटलेल्या किरणांनी पडदा पेटू शकतो. छोट्या यूव्ही एलईडी दिव्याखाली काही दिवस ठेवणं बरं. अशी लेन्स वापरायला हरकत नाही, फक्त ती काच कधी घासू किंवा फोडू नये.

कॅमेऱ्याच्या मेन्यूत

लेन्स लावल्यावर पहिल्यांदा बटण दाबलं तर कॅमेरा गप्प बसेल. लेन्सकडून विजेचा काही संदेशच येत नाही, त्यामुळे लेन्स लावलेलीच नाही असं तो धरून चालतो. सोनीत 'रिलीज विदाउट लेन्स', फुजीत 'शूट विदाउट लेन्स', कॅननमध्ये 'रिलीज शटर विदाउट लेन्स' अशा नावाची सोय शोधा आणि चालू करा.

बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) असेल तर त्याला लेन्सची फोकल लेंग्थ, म्हणजे तिचा मिमीचा आकडा, हाताने सांगावी लागते. ५० असेल तर ५०, १३५ असेल तर १३५. छोट्या सेन्सरचा कॅमेरा असला तरी लेन्सवर छापलेलाच आकडा टाका, दीडने गुणलेला नको. लेन्स बदलली आणि आकडा बदलायचा राहिला तर फोटो उगाच हलके हललेले येतात आणि कारण सापडत नाही.

डायल 'ए' वर, म्हणजे ॲपर्चर प्रायॉरिटीवर ठेवा. ॲपर्चर तुम्ही रिंगने ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवेल. फोटोच्या माहितीत ॲपर्चरचा आकडा नोंदला जाणार नाही, त्यामुळे शिकताना एक छोटी वही खिशात ठेवा. मी पहिले सहा महिने ठेवली होती.

छोट्या एपीएस-सी सेन्सरवर ५० मिमीची लेन्स ७५ मिमीसारखी दिसते, १३५ ची २०० च्या पुढे जाते. माणसांच्या फोटोंसाठी ते सोयीचं, पण वाड्याचं अंगण टिपायला २८ मिमीसुद्धा अपुरी पडते.

फोकस हाताने

खरी मेहनत इथे आहे, आणि खरी गोडीही.

मिररलेसमध्ये फोकस पीकिंग असतं: जिथे स्पष्ट आहे तिथल्या कडा रंगीत चमकतात. नवशिक्याला वाटतं, झालं काम. पण पीकिंग कडांचा ठळकपणा मोजतं. जुनी लेन्स एफ २ वर जरा मऊ असते, तिथे ते कमी दाखवतं. एफ ८ वर अर्ध्या चित्रावर चमकतं. पीकिंगने जवळपास पोहोचा, मग मॅग्निफायरचं बटण दाबून डोळ्यावर चित्र मोठं करा आणि तिथे नक्की करा. मॅग्निफायर अंगठ्याजवळच्या बटणावर बसवून घ्या, मेन्यूत शोधत बसलात तर समोरचं माणूस कंटाळतं.

एक हिशेब लक्षात ठेवा. ५० मिमी लेन्स, एफ २, माणूस दीड मीटरवर. पूर्ण आकाराच्या (जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या) सेन्सरवर स्पष्ट पट्टा साधारण ११ सेंटिमीटरचा, छोट्या सेन्सरवर ७ च्या आसपास. म्हणजे डोळा स्पष्ट आणि कान पुसट. माणूस जरा पुढे झुकलं की डोळाही गेला. म्हणून एफ २ वर अट्टहास करू नका. एफ ४ वर बहुतेक जुन्या लेन्स चांगल्या धारदार होतात, आणि चुकायला जागा मिळते. ज्या ॲपर्चरवर फोटो काढायचा त्याच ॲपर्चरवर फोकस करा. काही लेन्समध्ये ॲपर्चर बंद करताना फोकस किंचित सरकतो.

सरावासाठी घरातलं टेबल पुरे. चाळीसगावचे केकी मूस (१९१२-१९८९) यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं आपल्या बंगल्याबाहेर न पडता काढली आणि टेबलावर साध्या वस्तू मांडून छायाचित्रांत अख्खी दृश्यं उभी केली. त्यांचा बंगला आता संग्रहालय आहे, चाळीसगावला उतरलात तर जरूर बघा. त्यांची चित्रं पाहिल्यावर मी घरी पाच वाट्या तिरक्या रांगेत मांडल्या, एकीत तूरडाळ, एकीत मिरच्या, असं, आणि फक्त तिसरीवर फोकस धरायचा सराव केला. रोज वीस फोटो, पंधरा दिवस. बोटाला रिंगची सवय अशीच लागते.

दुसरा सराव अंगणात. टेपने एक, दीड, दोन, तीन आणि पाच मीटरवर खडूच्या खुणा करा. खुणेवर उभ्या माणसाकडे बघून अंतर सांगा, रिंगवर तो आकडा आणा, मग व्ह्यूफाइंडरला डोळा लावा. आठवड्याभरात दोन-तीन मीटरचं अंतर डोळ्याने अचूक येतं. मामा लग्नात हेच करायचे. हार घालायच्या क्षणी त्यांच्या लेन्सचा आकडा आधीच लागलेला असायचा.

रिंगवर अनंताची खूण असते, आडव्या आठसारखी. तिच्यावर भरवसा ठेवू नका. बहुतेक अडॅप्टर मुद्दाम केसभर पातळ बनवतात, म्हणजे लेन्स अनंतापर्यंत नक्की पोहोचेल. त्यामुळे रिंग टोकाला नेली तर फोकस अनंताच्याही पुढे जातो आणि सातपुड्याची रांग पुसट येते. यावलकडून डोंगर टिपताना मॅग्निफायर लावून कड्यावरच्या झाडावर फोकस करा. मग रिंगची ती जागा लक्षात ठेवा, तोच तुमच्या लेन्सचा खरा अनंत.

खान्देशाचं ऊन

भर उन्हातला जुना नियम आहे: एफ १६ असेल तर शटर म्हणजे आयएसओचा (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते सांगणाऱ्या आकड्याचा) उलटा आकडा. आयएसओ १०० ला साधारण १/१००. आता तीच लेन्स एफ २ वर उघडा. सहा स्टॉप जास्त उजेड (दर स्टॉपला उजेड दुप्पट), म्हणजे शटर १/६४०० हवं. अनेक कॅमेऱ्यांचं मेकॅनिकल शटर १/४००० वर थांबतं. मग केळीच्या बागेत दुपारी उघड्या ॲपर्चरवर काढलेला फोटो पांढरा फटक येतो. उपाय तीन: लेन्सला उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावा, एफ ४ वर या, किंवा इलेक्ट्रॉनिक शटर वापरा. बऱ्याच जुन्या लेन्सची फिल्टरची चुडी ४९ किंवा ५२ मिमीची असते, एक-दोन फिल्टरमध्ये भागतं.

हूड, म्हणजे बाजूचं ऊन अडवणारं लेन्सच्या तोंडावरचं कडं, लावल्याशिवाय घराबाहेर पडू नका. जुन्या लेन्सचं कोटिंग साधं असतं, बाजूने सूर्य आला की सगळं चित्र धुरकट होतं. साधा रबरी हूडही पुरतो. पांढरं धोतर, पांढरी टोपी उजळ आकाशासमोर आली की कडेला जांभळी झालर दिसते; तिथेही एफ ४ किंवा ५.६ वर आलात की ती बरीच कमी होते.

हेलिओस ४४-२ ची पार्श्वभूमी गोल गरगर फिरते, ते सगळ्यांना हवं असतं. केळीच्या बागेत ते मिळत नाही, पानं फार मोठी. त्यासाठी पानापानांतून उजेडाचे बारीक ठिपके यायला हवेत. निंबाच्या किंवा चिंचेच्या झाडाखाली या. माणूस दीड-दोन मीटरवर, झाडी त्याच्या मागे पाच ते दहा मीटर, ॲपर्चर एफ २, सूर्य झाडामागे. छोट्या सेन्सरवर कडा कापल्या जातात, तिथे हा परिणाम निम्मादेखील दिसत नाही.

सारंगखेड्याच्या यात्रेत

तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीपासून यात्रा भरते, घोड्यांचा मोठा बाजार असतो. तिथे धावत्या घोड्यावर रिंग फिरवत फोकस धरायला गेलात तर रिकाम्या हाताने परत याल. तिथे २८ मिमी लावायची. एफ ८, फोकस पाच मीटरवर, आणि रिंगला हात लावायचा नाही. छोट्या सेन्सरवर अडीच मीटरपासून अनंतापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. पूर्ण सेन्सरवर सव्वातीन मीटरवर ठेवा, म्हणजे दीड-पावणेदोन मीटरपासून पुढे. कुठून कुठपर्यंत स्पष्ट येईल ते दाखवणाऱ्या खुणा लेन्सवर असतात, पण त्या फिल्मसाठी काढलेल्या. छोट्या सेन्सरवर एफ ८ लावलं तर एफ ५.६ च्या खुणा वाचा.

आयएसओ ४०० ठेवलात तर डिसेंबरच्या सकाळच्या उन्हात शटर १/८०० च्या आसपास मिळतं, घोड्याचे पाय थांबतात. शटर मेकॅनिकलच ठेवा. इलेक्ट्रॉनिक शटरवर चित्र ओळीओळीने वाचलं जातं, त्यामुळे धावत्या घोड्याचे पाय तिरके, वाकडे येतात. घोडा विकणाऱ्या दादांना आधी विचारा, मगच जवळ जा. "फोटू काढू का, दादा?" एवढं पुरतं.

यात्रेत धूळ भयंकर. लेन्स बदलायची वेळ आलीच तर कॅमेरा बंद करा, तोंड खाली धरा, वाऱ्याकडे पाठ करा. शक्यतो बदलूच नका, दिवसाला एकच लेन्स न्या. १३५ मिमीसारखी जड लेन्स लावली असेल तर कॅमेरा लेन्सला हाताने आधार देऊन उचला, नाहीतर सगळा भार अडॅप्टरवर येतो.

ठेवायचं कसं

उन्हाळ्यात बॅग गाडीत सोडू नका, एका दुपारीत ग्रीस पात्यांवर उतरतं. पावसाळ्यात बुरशीची भीती. लेन्ससोबत आलेली चामड्याची पेटी टाकू नका, पण लेन्स तिच्यात ठेवू नका. चामडं ओल धरतं. मामांनी मोज्यात ठेवली म्हणूनच कदाचित १३५ मिमीच्या कडेला बुरशीचा एक ठिपका आला होता. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटं आर्द्रता दाखवणारं घड्याळ, आकडा ४० ते ५० टक्क्यांत असू द्या. जेलचा रंग बदलला की मंद आचेवर तव्यावर कोरडं करून परत भरा. जुलै ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा प्रत्येक लेन्स बाहेर काढून दोन्ही रिंगा टोकापासून टोकापर्यंत फिरवा आणि टॉर्च लावून आत बघून घ्या.